केदाआप्पांची चाळणी

केदाआप्पांशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच. नोकरीचा तिसरा दिवस होता. चांदवडकडचा एक शेतकरी काळ्या कॅरीबॅगमध्ये माती घेऊन आला. माती ओली, पिशवीला घट्ट गाठ. मी नमुना नोंदवायला वही उघडते तोवर आप्पांनी गाठ सोडली, पिशवीत नाक घातलं आणि "परत आणा, कापडात आणा," म्हणून ती त्याच्याच हातात दिली.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, बीएस्सी केमिस्ट्री, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. म्हटलं, "अहो, माणूस एस.टी.चे धक्के खात आलाय. त्याला परत पाठवणारे तुम्ही कोण?"

"मी चाळणीवाला," आप्पा शांतपणे म्हणाले. "मॅडम, प्लास्टिकात मातीला घाम येतो. त्या घामेजल्या मातीचं नत्र तुम्ही मोजणार आणि त्यावर हा गडी खत टाकणार. माणूस परत येईल हो. वावरात एकदा पडलेलं परत येत नाही."

मग त्या शेतकऱ्याला त्यांनी मागच्या दारी नेऊन चहा पाजला आणि जुन्या धोतराची, हातानं शिवलेली एक पिशवी दिली. आठ दिवसांनी माणूस खरंच परत आला. माझी जिरली. पण मी तसं कबूल केलं नाही, पुढे कितीतरी महिने केलं नाही.

ही नव्वदीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. नाशकात दिंडोरी रोडला एका शेतकी संस्थेची छोटी माती परीक्षण प्रयोगशाळा होती. पुढच्या खोलीत साहेब, मधल्या खोलीत मी आणि माझ्या काचेच्या नळ्या, आणि मागच्या पडवीत केदाआप्पा. आलेली माती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीनं ढेकळं फोडायची, दोन मिलिमीटरच्या पितळी चाळणीतून गाळायची आणि मला द्यायची, एवढंच त्यांचं काम. चाळून झालं की चाळणीच्या कडेवर ते तीन टिचक्या मारत. टक, टक, टक. ते ऐकलं की मी नळ्या धुवायला घ्यायची.

आप्पा मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. गावाकडे दोन एकर वावर, ते धाकटा भाऊ दगू कसायचा. आप्पा नाशकात पंचवटीच्या एका खोलीत राहायचे आणि जीव सगळा त्या दोन एकरात. तिकडे दगू आप्पांना विचारल्याशिवाय मूठभर खतसुद्धा टाकत नसे. संस्थेच्या फोनवर त्याचा फोन यायचा, आणि साहेब कपाळाला आठ्या घालून हाक मारायचे, "अहिरे, तुमचा भाऊ!" मग पडवीतून धावत येऊन आप्पा फोनवर अहिराणी बोलत. आम्हाला इकडची बाजूच ऐकू यायची. फोन ठेवताना ते हसत सांगायचे, "आमचा दगू म्हणतो, आप्पा सांगस ते खरं शे. आता इतका भरवसा बरा नव्हे, पण काय करणार, धाकटा आहे."

माणूस विक्षिप्त होता, हे सांगायलाच हवं. मातीच्या मोठ्या ढिगातून छोटा नमुना काढताना ढीग पसरून चार भाग करतात, समोरासमोरचे दोन टाकून देतात, उरलेले पुन्हा मिसळतात. आप्पांनी ही रीत आयुष्यालाच लावली होती. कोणी चिवडा आणला की वर्तमानपत्रावर पसरून बोटानं फुली मारायचे, समोरासमोरचे दोन भाग मला आणि शिपायाला, उरलेल्यात पुन्हा फुली. "सगळ्यांना दाणे सारखे आले पाहिजेत," म्हणायचे. साहेबांच्या वाढदिवसाचा केकही त्यांनी असाच कालवायला घेतला होता, मी सुरी हिसकावून घेतली.

दुसरी खोड म्हणजे माती ओळखणं. चिमूटभर तळहातावर घ्यायची, थुंकी लावून चोळायची, वास घ्यायचा. "ही निफाडची, द्राक्षाची. हिला औषधं फार पाजलीत." "ही पेठकडची, नागलीची. डोंगरउताराची, पोट रिकामं हिचं." मी चिठ्ठी झाकून परीक्षा घ्यायची आणि दहातल्या नऊ वेळा हरायची. एकदा एका बागाईतदारानं रिपोर्ट चांगला यावा म्हणून विहिरीजवळच्या चांगल्या कोपऱ्यातली माती आणली. आप्पांनी चोळली आणि म्हणाले, "दादा, ही तुमच्या शेवग्याच्या झाडाखालची. पोरगी दाखवायची म्हणून शेजारणीची आणलीत होय?" तो माणूस लाजून लालबुंद झाला. पुढच्या आठवड्यात नीट नागमोडी फिरून पंधरा ठिकाणची माती घेऊन आला.

चाळणीवर जे उरतं ते फेकायचं असा नियम आहे. खडे, मुळ्या, धसकटं. आप्पा ते फेकण्याआधी एका पत्र्याच्या झाकणात पसरून बघायचे. एक दिवस त्यांनी मला पडवीत बोलावलं. "मॅडम, हे बघा. हे काय उगवायला लागलं मातीत?" झाकणात निळे, पांढरे, गुलाबी कण होते. बाजरीच्या दाण्याएवढे, काही त्याहून बारीक. काही नुसते धागे. त्या वर्षांत कांद्याच्या तागाच्या गोण्या मागे पडून प्लास्टिकच्या जाळीच्या आल्या होत्या. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या वाडीवस्तीवर पोचल्या होत्या. आप्पांनी स्पिरिटच्या दिव्यावर सुई तापवली आणि एका मुळीला लावली. ती काळी पडून जळली. मग एका पांढऱ्या कणाला लावली. तो अंग चोरून आकसला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला, आम्हा दोघांना चांगलाच ओळखीचा.

"चाळणीवर दिसतंय ते मोठं," आप्पा म्हणाले. "खाली तुमच्याकडे जातंय त्याचं काय?"

मी म्हटलं, "आप्पा, माझ्याकडे नत्र, स्फुरद, पालाश, कर्ब आणि सामू. मला एवढंच विचारलंय." खरं तर मला जेवायला जायचं होतं.

मुख्य गोष्ट पुढच्याच वर्षी घडली. तिच्यात माझाही हात आहे, म्हणून ती सांगताना मला अजून अवघडतं.

आप्पांनी त्याआधी स्वतःच्या वावराची माती तपासून घेतली होती. सेंद्रिय कर्ब कमी निघाला. मीच सही करून लिहिलं, 'भरखत द्या.' सगळ्यांनाच लिहायचे. आता दोन बैलांच्या शेणात दोन एकर कसं भागणार? आप्पांनी नाशकातल्या एका खतवाल्याकडून शहरातल्या कचऱ्याचं खत घेतलं, तीन ट्रक. काळंभोर, भुसभुशीत. ट्रक नामपूरला रवाना झाले तेव्हा ते इतके खूश होते की पडवीत मला उभं करून म्हणाले, "शहरानं खाल्लं ते शहरानं परत दिलं, मॅडम. याला म्हणतात न्याय." दगूनं नेहमीप्रमाणे काही न विचारता ते सगळ्या वावरात पसरलं. आप्पा सांगस ते खरं.

वर्षभरानं दगूकाका स्वतः प्रयोगशाळेत आले. आप्पा तेव्हा पोस्टात गेले होते. दगूकाका बारीक, काळेसावळे, बोलायला अतिशय कमी. धोतराच्या पिशवीतली माती माझ्या टेबलावर ठेवली आणि "आप्पाले द्या" म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, वा, आज आप्पांची मजा करू. मी चिठ्ठी काढून ठेवली आणि आप्पा आल्यावर माती पुढे केली. "ओळखा. ही ओळखली नाही तर आठवडाभर चहा तुमचा."

आप्पांनी चोळली. वास घेतला. पुन्हा चोळली. बोटांत काहीतरी अडकलं ते नखानं काढून बघितलं. तोंड वाकडं केलं. "ही शहराजवळची. नाल्याकाठची असेल. कचराडेपोच्या अंगची माती ही. कोणाचं नशीब फुटलं?"

"हरलात," मी टाळी वाजवली. "नामपूर! गट नंबर वाचून दाखवू?"

मी वाचून दाखवला. पूर्ण वाचायच्या आधीच मला कळलं की मी काय करतेय. पण जीभ थांबली नाही.

आप्पा माती घेऊन पडवीत वळले. माती चाळणीत टाकली आणि हळूहळू हलवली. वर जे उरलं ते झाकणात पसरलं, त्यात काळे, निळे, चंदेरी तुकडे मुळ्यांपेक्षा जास्त होते. खाली पडलेली माती त्यांनी काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळली. गाळ खाली बसला आणि वर बारीक चुरा तरंगत राहिला. त्या दिवशी त्यांनी टिचक्या मारल्या नाहीत. तसेच ओट्यावर गेले आणि भावाशेजारी बसले. दगूकाका म्हणाले की कांद्याला पाणी दिलं की वाफ्याच्या टोकाला हे गोळा होतं, अक्षता सांडल्यासारखं. एवढंच. रागावले नाहीत, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं गेले.

त्यानंतर संस्थेच्या फोनवर त्यांचा फोन आला नाही. सुरुवातीला आम्हाला वाटलं, कामात असतील. साहेबांनीही एकदा विचारलं, "अहिरे, भाऊ रुसला काय?" आप्पा म्हणाले, "रुसला असता तर बरं होतं." कांदा लावायचा, गहू पेरायचा, खत द्यायचं, दगूकाका आता सगळं आपलं आपण ठरवत. आप्पा गावी गेले की जेवायला वाढत, खुशाली विचारत. वावरात काय टाकू, हे मात्र विचारत नसत. आप्पांना तेच आतून खात होतं. मला एकदाच म्हणाले, "बाकी काही नको. त्यानं एकदा विचारावं."

दगूकाकांच्या नमुन्याचा रिपोर्ट त्याच आठवड्यात मलाच लिहायचा होता. आप्पा माझ्या टेबलाशी आले. "खाली शेरा लिहा. मातीत जे आहे ते लिहा." मी घाबरले. माझी नोकरी अजून पक्की नव्हती आणि घरी माझ्या पगाराकडे चार तोंडं बघत होती. मी मधला मार्ग काढला, लिहिलं, 'कचरा आढळला.' आप्पांनी मान हलवली. "कचरा नव्हे. कचरा कुजतो. खोडा ते." मी खोडलं आणि लिहिलं, 'प्लास्टिकचा बारीक चुरा आढळला.'

साहेबांनी बोलावलंच. छापील फॉर्मात असा रकाना नाही, उद्या संस्थेवर बोट दाखवतील लोक, तुम्हाला कोणी सांगितलं हे उद्योग करायला? मी मान खाली घालून उभी. तेवढ्यात आप्पा ग्लास घेऊन आत आले, न विचारता. साहेबांच्या टेबलावर ठेवला. तरंगणारा चुरा दाखवला.

साहेब म्हणाले, "ठीक आहे, पण इतकं बारीक आहे हे. पिकाला काय होणार यानं?"

"माले माहीत नही, साहेब," आप्पा म्हणाले. घाईत, रागात ते अहिराणीत शिरत. मग सावरून म्हणाले, "मला माहीत नाही, तुम्हाला नाही, मॅडमलाही नाही. म्हणून तर लिहायचं. माहीत असतं तर उपाय लिहिला असता. आणि मॅडमनं नाही लिहिलं, मी लिहायला लावलं. काय ते मला बोला."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ग्लास उचलून उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "शेरा राहू द्या. पण शिक्का मारू नका." आम्ही बाहेर आलो. आप्पा म्हणाले, "चल माय, चहा घेऊ. पैज तर मीच हरलोय." त्या दिवसापासून मी मॅडमची माय झाले. त्यांच्याकडे लेकीला माय म्हणतात.

पुढच्या आखाजीच्या सणाला ते गावी गेले आणि परत आले ते वेगळंच घेऊन. त्यांना वाटत होतं, पाप त्या तीन ट्रकांचं. पण दगूकाकांच्या बायकोनं, सिंधूबाईंनी, पदर सावरत हळूच सांगितलं होतं, "आप्पा, आपला उकिरडामाबी तेच शे." आप्पांनी घरचा उकिरडा उकरला. अंगणातला, घरातला, गोठ्यातला केर पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर जातो, तो कुजतो आणि त्याचंच खत वावरात जातं. केर वाया घालवायचा नसतो, असं आईनं शिकवलेलं. आता त्या केरात पुड्या, गोणीचे धागे, फाटक्या ताडपत्रीचे तुकडे. बायका रोज सकाळी श्रद्धेनं अंगण झाडून ते शेताला पोचतं करत होत्या. गावात घरोघरी हेच. "आपल्या चांगल्या सवयीनंच घात केला ग," आप्पा म्हणाले. त्यांना इतकं हताश मी कधी बघितलं नव्हतं.

पण हताश होऊन बसणारा माणूस नव्हता तो. सिंधूबाईंनी आणि त्यांनी मिळून केराच्या दोन पाट्या केल्या. कुजणारी उकिरड्याला. दुसरी कुठे? गावात तिला जागा नव्हती. जाळली तर धूर, पुरली तर पुन्हा वावरातच. म्हणून आप्पा दर खेपेला ती पोत्यात भरून एस.टी.नं नाशकात आणायचे. कंडक्टर विचारायचा, "बाबा, काय आहे यात?" आप्पा म्हणायचे, "माल." एकदा सटाण्याला पोतं फुटलं आणि सगळी गाडी पुड्यांनी भरली. कंडक्टरनं आप्पांना उतरवलंच असतं, पण आप्पा सीटखाली वाकून एकेक पुडी वेचायला लागले आणि मग लोकही वेचायला लागले. एका म्हातारीनं विचारलं, "सोनं शे का यामा?" आप्पा म्हणाले, "नही माय. पण सांडायचं नाही."

नाशकात ते पोतं भंगारवाल्या सलीमभाईंकडे जायचं. पिशव्या, मोठे तुकडे ते घ्यायचे. बारीक मात्र परत करायचे. "आप्पा, ये तो चूरा है. इसको कोई नहीं लेता." तो चुरा आप्पा काचेच्या बरण्यांत भरून पडवीच्या फळीवर ठेवायचे, वर गावाचं नाव चिकटवून. कोणी शेतकरी माती घेऊन आला की बरणी दाखवायचे. "अख्खं असतं तोवर त्याला गिऱ्हाईक आहे. चुरा झाला की ते कोणाचंच नाही, मातीचं होतं. तेव्हा अख्खं आहे तोवर वाका आणि उचला." मग त्याला एक कापडी पिशवी द्यायचे. लोक हसायचे. काही उचलायचेही.

एकदा काडेपेटीत त्यांनी गांडुळाची विष्ठा आणली, वाळलेल्या बारीक गोळ्या. मी त्या पाण्यात विरघळवून भिंगाखाली धरल्या तर त्यात एक निळा धागा. आप्पांनी भिंगातून बघितलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. "हा बिचारा रात्रंदिवस आपलं वावर नांगरतो," म्हणाले. त्या दिवशी डबा उघडला नाही त्यांनी. मीही खाल्लं नाही.

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांत आप्पा निवृत्त झाले आणि नामपूरला राहायला गेले. जाताना पितळी चाळणी मागून घेतली, जाळी सैल झाली होती म्हणून साहेबांनी दिली. बरण्या मला ठेवल्या. मी त्यानंतर प्रत्येक रिपोर्टखाली शेरा लिहीत आले. साहेब बदलले, पुढे मीच त्या खुर्चीत बसले, तेव्हा पहिलं काम केलं ते फॉर्मात रकाना छापून घेतला. मायक्रोप्लास्टिक हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला तो फार नंतर. वाचताना मला फळीवरच्या बरण्या दिसल्या. लोक मला विचारतात, तुम्हाला हे इतक्या आधी कसं सुचलं? मला नाही सुचलं. मला जेवायला जायचं होतं. माहीत नाही म्हणून गप्प बसायचं नसतं, माहीत नाही म्हणूनच लिहून ठेवायचं असतं, हे मला कॉलेजनं नाही, पडवीतल्या चाळणीवाल्यानं शिकवलं. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

त्यांना शेवटचं बघितलं ते नामपूरलाच. बागलाणातले नमुने घ्यायला गेले होते, वाट वाकडी करून वावरात गेले. कांद्याला पाणी चाललं होतं. आप्पा खूप वाळले होते. वाफ्याच्या टोकाला, जिथून जास्तीचं पाणी बाहेर पडतं, तिथे त्यांनी सिंधूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पट्टा दोन काठ्यांना बांधला होता. पाणी गाळून जायचं आणि चुरा कापडाला चिकटायचा. तो ते बोटांनी टिपून डब्यात टाकत होते. दर पाण्याला हेच, इतकी वर्षं.

"संपेल का हो आप्पा?" मी विचारलं.

"माझ्या हयातीत नाही, माय. पण कमी होतंय. तू म्हणशील, म्हाताऱ्याचा भास आहे." त्यांनी डबा पुढे केला. "म्हणून तू मोजून सांग. मला नको, दगूला सांग."

मी मोजणार होते, नाशकात परतल्यावर, चार दिवसांनी. पण दगूकाका तेवढ्यात पलीकडच्या वाफ्याचं दारं मोडून, पाणी तिकडे वळवून, हातातलं फावडं टेकवून आमच्याकडे आले. पाय धुतले. कापडाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग भावासमोर उकिडवे बसले आणि मातीत बघत म्हणाले,

"आप्पा, औंदा काय टाकू वावरमा?"

आप्पांचा हात कापडावरच थांबला. मी दुसरीकडे बघायला लागले. मग त्यांनी बाजूची चाळणी ओढून मांडीवर घेतली.

"आधी चाळून पाहू," आप्पा म्हणाले. "दोघं मिळून."

दगूकाका उठले आणि कोरड्या कडेची ओंजळभर माती घेऊन आले. माझी जीप थांबली होती, मी दोघांच्या पाया पडून निघाले. बांधावरून जाताना मागे पाहिलं नाही. मागून आवाज आला. टक, टक, टक.